शंभर ग्रॅम तिसऱ्या

हॉस्पिटलात त्याला सगळे ग्रॅमसाहेब म्हणत, आणि हे नाव आदरापोटी पडलंय असं तो पहिली सात वर्षं समजत होता. आठव्या वर्षी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली एक वाढपीण त्याच्या देखतच दुसरीला म्हणाली, "डाळ बेताने वाढ गं, ग्रॅमसाहेब आलेत, चमचे मोजत बसतील." तेव्हा कुठे उलगडा झाला. पण तोवर नाव अंगाला चिकटलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायलाही लागलं होतं.

तो तिथला आहारतज्ज्ञ. तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीशेजारी त्याची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर जीवनसत्त्वांचा रंगीत तक्ता आणि कोपऱ्यात माणसं मोजायचा काटा. दुसरा तळहाताएवढा काटा त्याच्या बॅगेत कायम असे. कुणाकडे जेवायला गेलं तरी तो बरोबर असे. फक्त ताटाशेजारी काढून ठेवायचा नाही, असं बायकोने बजावलेलं होतं.

एखाद्या पेशंटने विचारलं, "साहेब, भात खाल्ला तर चालेल ना?" की हा विचारायचा, "किती?" पेशंट बिचारा म्हणायचा, "पोटभर." झालं, ग्रॅमसाहेबांच्या कपाळाला आठी. पोटभर हे माप त्यांच्या पुस्तकात नव्हतं. स्वतः मात्र तो वर्षानुवर्षं पोटभरच जेवत आला होता, आणि त्याचा पुरावा शर्टाच्या खालच्या दोन बटणांवर रोज ताण देत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. "माझ्या ढेरीकडे बघू नका, ती अभ्यासासाठी सांभाळली आहे," असं तो पेशंटना आधीच सांगून टाकी. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसून घेतलं की कमी लागतं, हे त्याला शाळेपासून माहीत होतं.

तर या माणसाने एक दिवस गरोदर बायकांच्या आहाराच्या कागदात स्वतःच्या अकलेने एक ओळ वाढवली. रक्त कमी असलेल्या बायका रोज येत. पालेभाज्या खा, गूळ खा, हे ऐकून त्यांचेही कान किटले होते आणि सांगून याचंही तोंड. मासळीबाजार हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर. तिथे तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, ढिगाने येतात, हे त्याने जाता-येता नाक दाबून पाहिलेलं होतं. त्याने पुस्तक उघडलं. लोह चांगलं, बी-बारा तर भरपूर, प्रथिनं उत्तम, चरबी नावाला. त्याला इतका आनंद झाला की तिसऱ्या जणू त्यानेच शोधून काढल्या. त्याने लिहिलं: "तिसऱ्या, शंभर ग्रॅम, आठवड्यातून चार वेळा, पूर्ण शिजवून, वर लिंबू पिळून. जेवणानंतर तासभर चहा घेऊ नये." लिंबामुळे लोह अंगी लागतं आणि चहामुळे अडतं, हे त्याचं ठरलेलं भाषण होतं. ते तो चहाचा कप हातात धरून देत असे.

एवढं लिहिणाऱ्याने जन्मात एक तिसरी तोंडात घातली नव्हती. शिंपल्याच्या आत जे काही मऊ मऊ असतं ते त्याला बघवत नसे. उंटावरून शेळ्या हाकायला शेळीची चव माहीत असावी लागत नाही, असं त्याचं मत असावं.

त्याच सुमारास ती शिवणवाली आली. घरी मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवणारी, तिशीच्या अलीकडची, कमी बोलणारी बाई. सहावा महिना आणि हिमोग्लोबिन आठ. लोहाची गोळी घेतली की उलटी, दुसऱ्या कंपनीची घेतली तरी उलटी. डॉक्टरीणबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दहाच्या वर आलं तर बाळंतपण इथे होईल, नाहीतर मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात जावं लागेल. ते पाच तासांवर. घरी चार वर्षांची मुलगी, गुडघ्यांनी हैराण सासू आणि गॅरेजमध्ये बारा तास राबणारा नवरा. पाच तासांवर तिच्या उशाशी कोण बसणार, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

ग्रॅमसाहेबांनी तिला कागद दिला आणि तिसऱ्यांच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली. तिने विचारलं, "शंभर ग्रॅम म्हणजे शंभरच ना सर?"

"शंभर म्हणजे शंभर. नव्वद नाही आणि पोटभर नाही."

तिने मान डोलावली. पाच आठवड्यांनी ती परत आली ती सासूला आणि नवऱ्याला घेऊन. रिपोर्ट सात पूर्णांक नऊ. वाढायचं सोडाच, उलटं घसरलं होतं.

"तिसऱ्या खाता का?" त्याने विचारलं.

"खाते सर."

"किती?"

"शंभर ग्रॅम. तुम्ही लिहिल्यात तेवढ्या."

"आठवड्यातून चारदा?"

"चारदा. लिंबू पिळून. चहा सोडला."

"मग हे रक्त असं कसं?"

नवरा जमिनीकडे बघत होता. सासूने गुडघा चोळता चोळता म्हटलं, "आम्ही आणून देतो हो साहेब. पुढे ती ताटात काय करते, देव जाणे."

"आई, मी खाते," शिवणवाली म्हणाली.

इथे ग्रॅमसाहेबांच्या अंगात विद्वत्ता शिरली. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "शरीर खोटं बोलत नाही बाई. माणूस बोलतो." वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की दुपारी जेवणाच्या डब्यासमोर त्यांनी ते आणखी एकदा म्हणून पाहिलं. आणि तिच्या केसपेपरवर आणि घरी न्यायच्या कागदावरही लाल पेनाने लिहिलं, "रुग्ण आहार पाळत नाही." नवऱ्याने घरचा कागद उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला सात पूर्णांक आठ. सासू सांगत होती, आता मी समोर बसून खायला लावते, पण मागे मोरीत जाऊन ओकत असेल तर मी कुठे कुठे पुरी पडू. शिवणवाली भिंतीवरच्या जीवनसत्त्वांकडे बघत बसली होती. या खेपेला तिने "मी खाते" असंही म्हटलं नाही.

ग्रॅमसाहेबांना आता छडा लावायचाच होता. चोर पकडायचा तर मुद्देमालापासून सुरुवात करावी, म्हणून तो दुपारच्या सुट्टीत रुमाल नाकाला लावून मासळीबाजारात गेला. तिसऱ्या विकणारी एकच मावशी होती, ओल्या गोणपाटावर ढीग मांडून बसलेली. त्याने शिवणवालीचं वर्णन केलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ही बाई तुमच्याकडून खरंच घेते का?"

"घेते की. चुकवत नाही कधी. शंभर ग्रॅम." मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही हॉस्पिटलातले का?"

"हो."

"मग मला सांगा, तिकडे कुणी मांजरं पाळलीत का? दोन-अडीच महिने झाले, पोटुशा बाया येतात आणि शंभर ग्रॅम मागतात. शंभर ग्रॅम तिसऱ्या माणूस घेतो होय?"

"का? शंभर ग्रॅम कमी आहेत?"

मावशीने मूठभर तिसऱ्या उचलून तागडीत टाकल्या. शंभर ग्रॅमला अकरा आल्या. मग विळ्याच्या टोकाने एकेक उघडून आतलं एका पानावर काढलं आणि पान त्याच्यापुढे सरकवलं. एका बशीत मावणार नाही एवढा शिंपल्यांचा ढीग एका बाजूला, आणि पानावर चमचाभर गर.

ग्रॅमसाहेबांनी बॅगेतून छोटा काटा काढला. गर भरला सतरा ग्रॅम.

तो काट्याकडे बघत राहिला. पुस्तकातला तो तक्ता त्याला डोळ्यांपुढे दिसत होता, आणि तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलेली ओळही दिसत होती: सर्व आकडे खाण्याजोग्या भागाचे. केळ्याची साल, अंड्याचं कवच, आंब्याची कोय वजनातून वजा करा, हे तो परिचारिकांना दरवर्षी शिकवत असे. एकीने संत्रं सालीसकट तोललं म्हणून तिला त्याने अर्धा तास ऐकवलं होतं. आणि स्वतः शिंपल्याचा दगड बाईच्या रक्तात घालायला निघाला होता, कारण शिंपल्याला हात लावायची त्याला किळस वाटत होती.

"माणसाला किती लागतात?" त्याने विचारलं.

"एका माणसाला नीट खायचं तर अर्धा किलो तरी घ्यावा," मावशी म्हणाली. "घ्यायच्यात का? आणि ध्यानात धरा नीट, पहिल्यांदा करताय वाटतं. मिठाच्या पाण्यात ठेवा दोन-तीन तास, रेती सोडतील. ज्या आधीच उघड्या असतील आणि टिचकी मारली तरी मिटत नसतील त्या टाकून द्या. शिजवल्यावर ज्या उघडणार नाहीत त्याही टाका. आणि उघडताना जे पाणी सुटतं ते फेकू नका. गाळून घ्या. सगळी चव त्यातच असते."

तो अर्धा किलो घेऊन घरी गेला. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. निदान एकदा स्वतः खाऊन बघावं, एवढीच शिक्षा त्याला त्या क्षणी सुचली. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते बघितलं. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात पडल्या, आणि तो वाकून बघत असताना एकीने त्याच्या चष्म्यावर नेम धरून पाण्याची चूळ सोडली. बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. पुढे त्याने त्या उकळल्या, मोठ्या चाळणीत ओतल्या आणि सुटलेलं पाणी बिनदिक्कत मोरीत सोडून दिलं. मावशीचं सांगणं आठवलं तेव्हा भांडं रिकामं झालेलं होतं. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," बायको म्हणाली आणि तिने कांदा, लसूण, मिरचीवर गर परतून घेतला, वर लिंबू पिळलं. त्याने डोळे मिटून पहिला घास घेतला. चांगलं लागलं. इतकं चांगलं लागलं की त्याला आणखीच वाईट वाटलं. उरलेला गर बायकोने दुसऱ्या दिवशी भातात घातला, तोही त्याने डब्यात नेऊन पोटभर खाल्ला.

आता खरा प्रश्न होता चूक कबूल करायचा, आणि इथे ग्रॅमसाहेबांची जात कळली. त्यांनी नवा कागद छापून घेतला. त्यात लिहिलं, "तिसऱ्या, शंभर ग्रॅम गर (शिंपल्यांसह साधारण सहाशे ग्रॅम)." वर ठळक अक्षरात मथळा दिला, "सुधारित आहारतक्ता." पडलो तरी नाक वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, तुम्ही सतत काहीतरी सुधारत असता." त्यावर त्यांनी नम्रपणे मान खाली घातली.

शिवणवालीला बोलावून तो म्हणाला, "मात्रा जरा वाढवूया." इतकंच. लाल अक्षरांबद्दल चकार शब्द नाही. तिने नवा कागद वाचला. "सहाशे?" तिने विचारलं. "हो, आता तुमची गरज वाढली आहे," तो म्हणाला, आणि हे अर्धं खरं आहे असं मनात घोकत राहिला. त्याच सुमारास डॉक्टरीणबाईंनी तिला एक दिवसाआड घ्यायची हलकी गोळी दिली. ती तिला सोसली.

छत्तिसाव्या आठवड्यात रिपोर्ट आला दहा पूर्णांक एक.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. "तुमचं बोलणं लागू पडलं बरं का. बाळंतपण इथेच करतो आपण." ग्रॅमसाहेब हसले. आतून सुटल्यासारखं वाटलं. बाई पाच तासांवर जाणार नाही, बाळ सुखरूप आहे, कागद सुधारला आहे, आणि कुणाला काही कळलेलं नाही. यापेक्षा बेताने सुटलेली चूक त्याच्या आयुष्यात दुसरी नव्हती.

अर्ध्या तासाने शिवणवाली दारात आली. एकटीच. खुर्चीवर बसली नाही.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना. आता तर पेढे द्यायचे दिवस."

"घरी सगळे म्हणतात, साहेबांनी झापलं म्हणून ही खायला लागली. आई शेजारीपाजारी सांगतात. हे काल म्हणाले, आधीच खरं खाल्लं असतंस तर एवढा घोर लागला नसता." ती थांबली. "सर, मी आधीही खात होते. एकही वेळ चुकवली नाही. तुम्ही सांगा, मग तेव्हा का नाही वाढलं?"

ग्रॅमसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. डोक्यात उत्तरांची रांग लागली होती. गोळी बदलली, म्हणून वाढलं असेल. प्रत्येकाची पचनशक्ती वेगळी असते. लिंबू आणि चहाचा परिणाम उशिरा दिसतो. सगळी उत्तरं शास्त्रशुद्ध होती आणि कुठलंही दिलं असतं तरी ती मान डोलावून घरी जाऊन तेच ऐकत राहिली असती. त्याला पहिल्यांदा लख्ख कळलं की रक्त वाढल्यामुळे ती आणखी खोटी ठरली होती. त्याने गुपचूप केलेली दुरुस्ती तिच्याविरुद्धचा पुरावा झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे खुर्चीत बसून अभिनंदन स्वीकारत होता.

"बसा," तो म्हणाला. ती बसली. मग त्याने सांगितलं. मासळीबाजार, अकरा तिसऱ्या, सतरा ग्रॅम, सगळं. त्याला स्वतःची लाज वाटत होती, ढेरीवर हसण्यासारखी नाही, खरीखुरी.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे सांगितल्याचा सहावा हिस्साच मी खात होते," ती म्हणाली. गणवेशाचं कापड बेतणाऱ्या बाईला हिशेब लगेच कळला.

"हो. माझ्या चुकीमुळे."

"तुम्हाला कधी कळलं?"

याचं उत्तर सगळ्यात कठीण होतं. "पाच आठवडे झाले," तो म्हणाला.

रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "हे मला सांगून काय उपयोग सर," ती म्हणाली. "मला तर माहीतच होतं. घरी येऊन सांगाल का?"

त्याच संध्याकाळी तो गेला. जाण्याआधी केसपेपरवरची लाल ओळ खोडून खाली लिहिलं, "रुग्णाने आहार पूर्ण पाळला. प्रमाण चुकीचं लिहिलं गेलं," आणि सही केली. मग "लिहिलं गेलं" खोडून "मी लिहिलं" केलं. डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, एवढंच म्हणाल्या, "बाकीच्या बायकांनाही कळवा," आणि ते खरंच तेवढंच सोपं होतं, हे बघून तो खजील झाला. बाकीच्या बायकांची यादी त्याने आधी बॅगेत घातली.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन, त्यावर अर्धवट शिवलेली निळी बाही, जमिनीवर चिंध्यांत खेळणारी मुलगी. सासू पलंगावर पाय लांब करून बसली होती. नवरा नुकताच आला होता, हात धूत होता. साहेब घरी आले म्हणून धावपळ झाली, खुर्ची पुसली गेली. शिवणवाली मशीनशी जाऊन बसली आणि तिने बाही हातात घेतली.

ग्रॅमसाहेबांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," त्याने सुरुवात केली, "आहारशास्त्रात जे आकडे असतात ते निव्वळ खाण्याजोग्या भागाचे असतात. कवचधारी जलचरांच्या बाबतीत हे प्रमाण एकूण वजनाच्या तुलनेत फार..."

सासू आणि नवरा आदराने ऐकत होते. कुणाला काही कळत नव्हतं.

"सर," शिवणवाली मान वर न करता म्हणाली, "साधं सांगा."

त्याने हात ठेवायला टेबल शोधलं. इथे टेबल नव्हतं. हात मांडीवर ठेवले. "तुमची सून पहिल्या दिवसापासून सगळं खात होती," तो म्हणाला. "मी तिला चुकीचं माप लिहून दिलं होतं. शिंपल्यांसकट तोलायला लावलं, त्यामुळे तिच्या पोटात काहीच जात नव्हतं. ती खरं बोलत होती. खोटं मी लिहिलं. आणि कळल्यावरही गप्प बसलो."

नवरा हात पुसायचा थांबला. त्याने शर्टाच्या खिशाकडे हात नेला, जिथे इतके दिवस तो कागद घडी घालून ठेवलेला होता, आणि तसाच राहिला. मुलगी आजीच्या पायाशी येऊन उभी राहिली. ग्रॅमसाहेबांना वाटलं, आता म्हातारी आपल्याला चार शब्द सुनावणार, आणि ती वेळ सोसायला तो मनाची तयारी करून बसला. पण म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती मशीनकडे बघत होती.

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस गं?" ती सुनेला म्हणाली.

शिवणवालीने बाही खाली ठेवली.

"सांगितलं होतं, आई," ती म्हणाली.